त्रिनिदाद : आणलेल्या माणसांनी घडविलेले बेट

त्रिनिदाद आणि टोबॅगो या कॅरिबियन राष्ट्राच्या राजचिन्हावर १९६२ पासून कोलंबसाची तीन सोनेरी जहाजे होती. ऑगस्ट २०२४ मध्ये तत्कालीन पंतप्रधान किथ राउली यांनी ही जहाजे हटवून त्यांच्या जागी 'स्टीलपॅन' हे वाद्य आणण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२५ च्या प्रारंभी संसदेने त्यासाठीच्या विधेयकास मंजुरी दिली. तेलाच्या रिकाम्या पिंपाचा पत्रा ठोकून घडविलेले हे वाद्य एकेकाळी गुंडांचे वाद्य म्हणून हिणविले जात असे. ते हाती घेणाऱ्या तरुणांच्या मागे पोलीस लागत. वस्तीतल्या गल्लीपासून राजचिन्हापर्यंत पोहोचण्यास त्याला सुमारे ऐंशी वर्षे लागली.

या बेटाचा सारा इतिहासच असा आहे. ऊस तोडण्यासाठी आफ्रिकेतून आणि हिंदुस्थानातून आणलेल्या माणसांनी जे जपले, त्यावर राज्यकर्त्यांनी वेळोवेळी बंदी घातली. त्याच गोष्टी आज या देशाची ओळख म्हणून जगभर मिरविल्या जातात.

दक्षिण अमेरिकेचा तुटलेला तुकडा

कॅरिबियन बेटांच्या माळेच्या अगदी दक्षिण टोकाला त्रिनिदाद आहे. व्हेनेझुएलाचा किनारा येथून सर्वांत जवळच्या ठिकाणी अवघ्या अकरा किलोमीटरवर येतो. भूशास्त्रदृष्ट्या हे बेट दक्षिण अमेरिकेचाच भाग असून समुद्राची पातळी वाढल्यावर ते मुख्य भूमीपासून अलग झाले. त्यामुळे येथील पशुपक्षी आणि वनस्पती शेजारच्या लहान बेटांहून पुष्कळच वेगळ्या आहेत. क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून अधिक. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण देशाची लोकसंख्या १३ लाख २८ हजार होती. त्यांतील टोबॅगोचे सुमारे साठ हजार लोक वगळता बाकीचे सारे त्रिनिदादमध्ये राहतात.

उत्तरेस दाट जंगलाची डोंगररांग असून तिच्यातील अरिपो हे शिखर ९४० मीटर उंच आहे. तिच्या पायथ्याशी पश्चिम किनाऱ्यावर राजधानी पोर्ट ऑफ स्पेन वसली आहे. मध्यभागी कॅरोनीचे सपाट मैदान पसरले असून उसाचे मळे येथेच होते. याच परिसरातील दलदलीत लालभडक रंगाचे आयबिस पक्षी सायंकाळी थव्याथव्याने उतरतात. दक्षिणेकडे तेलाच्या विहिरी आहेत आणि ला ब्रेआ येथे सुमारे चाळीस हेक्टरांवर पसरलेले डांबराचे नैसर्गिक तळे आहे. इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले याने १५९५ मध्ये याच डांबराने आपली जहाजे लिंपून घेतली होती.

स्पेनचा कायदा, फ्रान्सची बोली, इंग्रजांचे राज्य

येथील मनुष्यवस्ती सुमारे सात हजार वर्षांइतकी जुनी असल्याचे दक्षिणेकडील बनवारी ट्रेस येथील अवशेषांवरून दिसते. ३१ जुलै १४९८ रोजी आपल्या तिसऱ्या सफरीत कोलंबसाने हे बेट पाहिले आणि ख्रिस्ती धर्मातील 'पवित्र त्रयी'वरून त्याला त्रिनिदाद हे नाव दिले. स्पॅनिश सत्तेने त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे या बेटाकडे दुर्लक्षच केले. रोगराई, सक्तीची मजुरी आणि दडपशाही यांमुळे मूळ रहिवाशांची संख्या मात्र या काळात झपाट्याने घटली. त्यांचे वारसदार म्हणविणारा एक लहान समाज आजही अरिमा या गावी आहे.

बेटाचे रूप पालटले ते १७८३ च्या राजाज्ञेने. कॅथलिक पंथाचा जो परकीय येथे येईल, त्याला कुटुंबातील माणसांच्या आणि सोबतच्या गुलामांच्या संख्येनुसार मोफत जमीन देण्याचे स्पेनच्या राजाने जाहीर केले. शेजारच्या बेटांवरील फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह लोटले. जेमतेम तीन हजारांच्या आत असलेली लोकसंख्या १७९७ पर्यंत सतरा हजारांवर गेली आणि त्यांत सुमारे दहा हजार गुलाम होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रजांचे आरमार येऊन थडकले, तेव्हा स्पॅनिश गव्हर्नर चाकोन याने फारसा प्रतिकार न करता शरणागती पत्करली. १८०२ च्या तहाने बेट अधिकृतपणे ब्रिटनकडे गेले.

कायदा स्पॅनिश, बोलणे फ्रेंच धाटणीचे आणि हुकूम इंग्रजांचा, अशी स्थिती पुढे कित्येक दशके राहिली. उपवासाच्या पर्वाआधी मुखवटे घालून मौज करण्याची फ्रेंच मळेवाल्यांची प्रथा म्हणजे कार्निव्हल. १ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली वेठबिगार १८३८ पर्यंत चालूच होती. ब्रिटिश सरकारने आपल्या साम्राज्यातील गुलामांच्या मालकांना एकूण दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. गुलामांच्या हाती काहीच पडले नाही. पुढे कार्निव्हलचा ताबा मात्र त्यांनीच घेतला.

गिरमिटाची पाच वर्षे

मुक्त झालेले आफ्रिकी मजूर जुन्याच मळ्यांवर जुन्याच मजुरीत राबण्यास तयार नव्हते. मळेवाल्यांनी स्वस्त मजुरांसाठी हिंदुस्थानकडे नजर वळविली. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज सुमारे सव्वादोनशे हिंदी मजुरांना घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला पोहोचले. १९१७ पर्यंत अशी जहाजे येत राहिली आणि त्यांतून सुमारे १ लाख ४४ हजार माणसे त्रिनिदादला आली. बहुतेक जण आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातील व पश्चिम बिहारमधील होते आणि कलकत्ता बंदरातून निघाले होते. काही मद्रासहून आले.

करारनाम्याला म्हणजे 'अॅग्रीमेंट'ला ही माणसे 'गिरमिट' म्हणत. पाच वर्षे एकाच मळ्याशी बांधलेले राहायचे, परवानगीच्या चिठ्ठीविना मळ्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, कामावर न जाणे हा दिवाणी तंटा नसून फौजदारी गुन्हा, असे या कराराचे स्वरूप होते. गुलामांच्या रिकाम्या झालेल्या बराकींतच अनेकांना राहावे लागे. बोटीवर महिनोन्महिने एकत्र काढलेल्या माणसांत जातीपातीची बंधने सैल झाली आणि 'जहाजी भाई' हे रक्ताइतकेच घट्ट नाते जन्मास आले. एका बोटीतून आलेल्या कुटुंबांत परस्परांत लग्ने करणेही पुष्कळ ठिकाणी निषिद्ध मानले जाई.

१८६९ पासून काही वर्षे परतीच्या भाड्याऐवजी जमीन देण्याची योजना राबविली गेली. बहुसंख्य मजूर परतलेच नाहीत. फैजाबाद, बराकपूर, चंद्रनगर ही गावांची नावे थोड्याफार बदललेल्या उच्चारांनी त्रिनिदादच्या नकाशावर उमटली ती याच काळात.

या प्रथेविरुद्ध हिंदुस्थानात जो आवाज उठला, त्यात पुण्याचे नामदार गोपाळ कृष्ण गोखले अग्रभागी होते. मार्च १९१२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात त्यांनी गिरमिट पद्धत पूर्णपणे बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो फेटाळला. १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांचा तशाच आशयाचा ठराव सरकारला स्वीकारावा लागला आणि १९१७ मध्ये मजुरांची रवानगी थांबली. गोखले तोवर हयात नव्हते.

दोन मिरवणुका

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रिनिदादच्या रस्त्यांवर दोन मिरवणुकांचा सत्तेशी संघर्ष झाला. त्यांपैकी एक आफ्रिकी वंशाच्या लोकांची होती, तर दुसरी हिंदी मजुरांची.

उसाच्या फडाला आग लागली, की रात्रीबेरात्री गुलामांना शिंगे फुंकून आणि चाबूक वाजवून तेथे हाकले जाई. मुक्तीनंतर या आठवणीचेच त्यांनी सोंग केले. मशाली, ढोल आणि लाठ्या घेऊन कार्निव्हलच्या प्रारंभी ते रस्त्यावर उतरत. 'जळका ऊस' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून या प्रकाराला 'कॅनबुले' म्हणत. १८८१ मध्ये पोलीसप्रमुख कॅप्टन बेकर याने ही मिरवणूक मोडून काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनमध्ये मोठी चकमक उडाली. पुढील दोन-तीन वर्षांत कायद्याने ढोलवादनावर निर्बंध आले आणि मशालींची मिरवणूक बंद पडली.

दुसरी मिरवणूक मोहरमची. 'हुसेन'च्या जयघोषावरून तिला 'होसे' हे नाव पडले. कागद आणि बांबूचे उंच ताबूत ताशांच्या गजरात समुद्राकडे नेण्याचा हा सोहळा मुसलमानांचा असला, तरी त्यात हिंदू मजूर मोठ्या संख्येने सामील होत. काही मळ्यांचे ताबूत तर हिंदूंच्याच पुढाकाराने निघत. वर्षभर मळ्याबाहेर पडण्यास चिठ्ठी लागणाऱ्या मजुरांना रस्ता आपला वाटावा, असा हा एकच दिवस होता. महाराष्ट्रातील गावोगावच्या मोहरममध्ये हिंदूंचा जो सहभाग असे, त्याची येथे सहज आठवण व्हावी.

१८८४ मध्ये सरकारने ताबुतांना शहरांत येण्यास मनाई केली. मजुरांनी सामूहिक अर्ज करून हरकत घेतली, पण उपयोग झाला नाही. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडोच्या वेशीवर आलेल्या निःशस्त्र मिरवणुकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मृतांच्या आकड्याबाबत नोंदींत तफावत आहे. सोळा ते बावीस असे आकडे सामान्यतः दिले जातात, तर जखमींची संख्या शंभरावर होती. जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन यांनी चौकशी केली आणि गोळीबार समर्थनीय ठरविला.

दोन्ही समाजांना एकाच सत्तेने अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने एकाच कारणासाठी दडपले. तरीही त्या काळी ते एकत्र आले नाहीत, कारण मळ्यांच्या अर्थकारणानेच त्यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी करून ठेवले होते.

पिंपातून सूर

चामड्याचे ढोल वाजविणे अवघड झाल्यावर कष्टकरी वस्त्यांतील आफ्रिकी वंशाच्या तरुणांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. या प्रकाराला 'तांबू बांबू' म्हणत. पुढे बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, मोटारींचे सुटे भाग असे जे जे धातूचे मिळेल ते वाजविले जाऊ लागले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डब्याच्या पत्र्याला वेगवेगळ्या ठिकाणी ठोकून वेगवेगळे स्वर काढता येतात, हे वादकांच्या ध्यानी आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने येथे लष्करी तळ उभारले आणि तेलाच्या रिकाम्या पिंपांची ददात राहिली नाही.

विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स, बर्टी मार्शल या कारागिरांनी या वाद्याला पूर्ण स्वरसप्तक मिळवून दिले. पिंपाचा तळ हातोडीने वाटीसारखा खोल करायचा, त्यावर स्वरांच्या जागा आखायच्या, मग पत्रा तापवून एकेक स्वर जुळवायचा, अशी ही कृती आहे. १९५१ मध्ये लंडनच्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'मध्ये त्रिनिदादच्या निवडक वादकांचा वृंद गेला, तेव्हा गंजके डबे घेऊन आलेल्या या तरुणांना ऐकून श्रोते थक्क झाले. कार्निव्हलच्या काळातील 'पॅनोरमा' ही वादनस्पर्धा १९६३ पासून सुरू आहे. १९९२ मध्ये स्टीलपॅन राष्ट्रीय वाद्य झाले, तर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन म्हणून घोषित केला.

तेल, संप आणि सत्ता

व्यापारी प्रमाणावर तेलाचे उत्पादन १९०८ मध्ये सुरू झाले आणि बेटाची मदार हळूहळू उसाकडून तेलाकडे वळली. कामगारांची अवस्था मात्र फारशी बदलली नाही. १९ जून १९३७ रोजी तेलक्षेत्रातील फैजाबाद येथे युरायाह बटलर याच्या नेतृत्वाखाली संप पेटला. मूळचा ग्रेनाडाचा हा कामगारनेता आफ्रिकी वंशाचा होता. त्यानंतर तेलकामगारांची संघटना बांधण्याचे काम एड्रियन कोला रिएंझी या वकिलाने केले. त्याचे मूळ नाव कृष्ण देवनारायण. ऊसकामगारांच्या संघटनेचा नेताही तोच होता. आफ्रिकी तेलकामगार आणि हिंदी ऊसकामगार एका नेत्यामागे उभे राहण्याचा हा विरळा प्रसंग होता.

ही एकजूट टिकली नाही. इतिहासकार डॉ. एरिक विल्यम्स यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेल्या पक्षाला प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या मतदारांचा पाठिंबा मिळाला, तर विरोधी पक्ष हिंदी मतदारांचा ठरला. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला आणि १९७६ मध्ये प्रजासत्ताक बनला. मतदानाची ही विभागणी मात्र कायम राहिली. १९७० च्या 'ब्लॅक पॉवर' आंदोलनात आफ्रिकी तरुणांनी उसाच्या पट्ट्यात मोर्चा नेऊन ऐक्याची हाक दिली, पण तिला अपेक्षित साथ मिळाली नाही. १९८६ मध्ये दोन्ही समाजांना एकत्र आणणारी आघाडी प्रचंड बहुमताने निवडून आली आणि दोन-तीन वर्षांतच फुटली.

१९९५ मध्ये बासदेव पांडे हे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. २०१० मध्ये कमला प्रसाद-बिसेसर या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या आणि एप्रिल २०२५ च्या निवडणुकीनंतर ते पद पुन्हा त्यांच्याकडे आले. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे ३५.४ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४.२ टक्के आणि मिश्र वंशाचे सुमारे २३ टक्के लोक नोंदले गेले. कोणत्याही एका समाजास स्पष्ट बहुमत नसल्याने सरकार कोणाचे येणार आणि नोकऱ्या कोणाला मिळणार, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत नव्याने टोकदार होतो.

समुद्रातले देऊळ

वॉटर्लू या गावी शिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने १९४७ मध्ये समुद्रकाठी एक लहान देऊळ बांधले. जमीन साखर कंपनीची होती. १९५२ मध्ये देऊळ पाडण्यात आले आणि साधूला तुरुंगवास भोगावा लागला. सुटून आल्यावर त्याने जमिनीचा नाद सोडला. समुद्रावर कोणाची मालकी नाही, असे म्हणत सायकलवरून दगड-सिमेंट वाहून त्याने उथळ पाण्यात भराव घालण्यास सुरुवात केली. मृत्यूपर्यंत तो एकट्याने खपत होता. पुढे १९९५ मध्ये, हिंदी मजुरांच्या आगमनास दीडशे वर्षे होत असताना, सरकारच्या मदतीने या मंदिराची नव्याने उभारणी झाली.

आफ्रिकी वंशाच्या लोकांनीही असेच सोसले. घंटा वाजवून आणि मोठ्याने गात उपासना करणाऱ्या 'शाउटर बॅप्टिस्ट' पंथावर १९१७ ते १९५१ अशी चौतीस वर्षे कायद्याने बंदी होती. हिंदूंच्या धार्मिक विवाहांना कायद्याची मान्यता मिळण्यास पहिल्या जहाजानंतर शतक उलटावे लागले. तोवर हिंदू दांपत्यांची मुले सरकारदरबारी अनौरस ठरत.

धर्म टिकला, तशी भाषा टिकली नाही. भोजपुरी आज वृद्धांच्या तोंडी आणि लग्नगीतांत उरली आहे. नात्यांचे शब्द मात्र घराघरांत आहेत. वडिलांच्या आईला येथेही 'आजी'च म्हणतात, हे मराठी वाचकास सुखद आश्चर्य वाटावे. स्वयंपाकघरातही हिंदुस्थान ठळकपणे दिसतो. शिजविलेली डाळ भरून लाटलेली 'डालपुरी' ही आपल्या पुरणपोळीची तिखटामिठाची बहीण शोभावी. तळलेल्या दोन मऊ 'बारां'मध्ये चण्यांची उसळ घालून दिलेला 'डबल्स' हा पदार्थ सर्व वंशांचे लोक सकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहून खातात. १९७० च्या दशकात गायक लॉर्ड शॉर्टी याने कॅलिप्सोला हिंदी तालवाद्यांची जोड देऊन 'सोका' हा गायनप्रकार घडविला. सुंदर पोपो याच्या गाण्यांपासून 'चटणी' संगीताची लोकप्रियता वाढली. नोबेल पारितोषिकाचे मानकरी व्ही. एस. नायपॉल यांचा जन्म १९३२ मध्ये याच उसाच्या पट्ट्यातील चगुआनस येथला.

मराठी माणसाच्या मनात त्रिनिदादची जागा आहे ती क्रिकेटमुळे. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वेस्ट इंडिजला कसोटीत प्रथमच नमविले. दिलीप सरदेसाई यांचे शतक त्या विजयाचा पाया ठरले. पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकर यांनी दोन्ही डावांत अर्धशतके काढली आणि त्याच मैदानावरील अखेरच्या कसोटीत १२४ व २२० धावा फटकावल्या. त्रिनिदादचा कॅलिप्सो गायक लॉर्ड रिलेटर याने गावसकरांवर गीत रचले. पाहुण्या संघाच्या विक्रमवीराचे असे कौतुक करण्याचा मोठेपणा या बेटाने दाखविला.

सुट्ट्यांची यादी

ज्या उसासाठी ही सारी माणसे आणली गेली, तो उद्योग २००३ मध्ये सरकारी साखर कंपनी बंद झाल्यावर संपुष्टात आला आणि सुमारे नऊ हजार कामगारांना घरी बसावे लागले. प्वांत-आ-पिएर येथील मोठा तेलशुद्धीकरण कारखाना २०१८ मध्ये बंद झाला. टोळीयुद्धांनी देश त्रस्त आहे. २०२४ या एका वर्षात सहाशेहून अधिक खून झाले आणि वर्षअखेरीस आणीबाणी पुकारावी लागली.

मात्र या देशाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी वाचण्यासारखी आहे. ३० मार्चची सुट्टी शाउटर बॅप्टिस्टांवरील बंदी उठल्याबद्दल, तर ३० मेची पहिल्या जहाजातून उतरलेल्या हिंदी मजुरांच्या स्मरणार्थ. १९ जून हा १९३७ च्या संपाचा दिवस आणि १ ऑगस्ट गुलामगिरीच्या समाप्तीचा. याखेरीज दिवाळी, ईद आणि नाताळ आहेतच. 'होसे'ची सुट्टी नाही, पण पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात दरवर्षी ताबूत निघतात आणि ताशे घुमतात. गर्दीत आफ्रिकी वंशाचे लोकही असतात. सणांची ही वाटणी त्रिनिदादला साधली आहे. सत्तेच्या वाटणीचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही.